सांगली-मिरजेतून टेक कॉन्फरन्सला जायचं म्हणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत राहतो. मार्केट यार्डातल्या हळद आणि बेदाणा व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. सौदे, तोलाई, हमाली, अडत, शेतकऱ्याची पट्टी म्हणजे त्याच्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, असं सगळं त्यात येतं. बारा वर्षांपूर्वी एका मित्राने हट्टाने पुण्याला एका कॉन्फरन्सला नेलं. त्यानंतर जमेल तशा पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादच्या वाऱ्या होत गेल्या. परत आलो की विश्रामबागेत, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, कॉलेजच्या पोरांमध्ये, सगळीकडे तेच प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

कम्युनिटी कॉन्फरन्स आणि कंपनीचा कार्यक्रम यात फरक काय?

कंपनीच्या कार्यक्रमात कंपनीला काहीतरी विकायचं असतं, आणि त्यात गैर काही नाही. कम्युनिटी कॉन्फरन्स मात्र एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा किंवा एखादं साधन रोज वापरणारे लोकच उभी करतात. प्रायोजक असतात, त्यांचे स्टॉल लागतात, पण व्यासपीठावर कोण बोलणार हे स्वयंसेवक ठरवतात. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांची पायकॉन इंडिया 2009 साली बंगळुरूला सुरू झाली आणि 2011 ची पुण्यात भरली. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनावर काम करणाऱ्यांची वर्डकॅम्प 2006 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, आणि 2024 च्या जानेवारीत ती आपल्या शेजारी कोल्हापुरात झाली. बंगळुरूला फॉस युनायटेड या संस्थेची इंडियाफॉस भरते, तिथे ओपन सोर्सची, म्हणजे कोणालाही पाहता-बदलता येणारं सॉफ्टवेअर बनवणारी, सगळी मंडळी जमतात. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक महाविद्यालयातली ग्नूनिफाय ही कॉन्फरन्स कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांच्याच जिवावर चालली.

मिरजेच्या माणसाला हे समजवायला मला फार बोलावं लागत नाही. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीला गवई येतात ते हजेरी लावायला येतात. बिदागीचा हिशेब कोणी करत नाही, आणि ऐकणारा गवयाच्या दोन हातांवर बसलेला असतो. कम्युनिटी कॉन्फरन्समध्येही बहुतेक बोलणाऱ्यांना मानधन नसतं. बोलून झालं की तो माणूस खाली उतरतो आणि चहाच्या रांगेत तुमच्या मागे उभा राहतो.

सगळे टॉक, म्हणजे तिथली भाषणं, नंतर यूट्यूबवर येतात. मग भाडं खर्चून जायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून याला जरा वेळ देतो.

माझ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “कुऱ्हाडेंचं खातं सापडत नाही.” दुकानात दोन कॉम्प्युटर होते. एकावर “कुऱ्हाडे” टाइप केलं की खातं यायचं, दुसऱ्यावर तेच टाइप केलं की “नोंद नाही” असं यायचं. पडद्यावर दोन्हीकडे अक्षरं हुबेहूब तीच. मी तीन आठवडे डेटाबेस तपासत बसलो. इंडेक्स पुन्हा बांधले, केबल बदलली, अगदी कॉम्प्युटर फॉरमॅट केला. एकदा व्यापाऱ्याने वैतागून कुऱ्हाडेंचं नवं खातं उघडलं आणि त्यांच्या नावावर दोन उधाऱ्या दिसू लागल्या.

त्या दिवसांत मी पुण्याला एका कॉन्फरन्सला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत पुढे एक पोरगा होता. “काय काम करता?” असं त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून हे सगळं गाऱ्हाणं बाहेर पडलं. त्याने ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, “दोन्ही कॉम्प्युटरवर ऱ्ह कसा टाइप करतात?” मला सांगता येईना. त्याने लॅपटॉप उघडला आणि माझ्या डेटामधली दोन्ही नावं अक्षर-अक्षर सुटी करून दाखवली. एकात साधा र, त्याला हलन्त, मग एक अदृश्य चिन्ह आणि मग ह होता. त्या अदृश्य चिन्हाला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. दुसऱ्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, त्याला हलन्त आणि मग ह. डोळ्यांना दोन्ही “कुऱ्हाडे”च दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत. दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळे कीबोर्ड बसवलेले होते, एवढंच कारण. तो पोरगा फॉन्टवर काम करणारा निघाला. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, आणि तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर एका रूपात आणणं, लावून हा प्रश्न सुटत नाही, सेव्ह करण्याआधी आणि शोधण्याआधी पहिला प्रकार दुसऱ्यात बदलून घ्यावा लागतो, हेही त्यानेच सांगितलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. परत आल्यावर मी एक ओळ लिहिली आणि त्या रात्री कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे सगळे आपापल्या खात्यात परत आले.

हे यूट्यूबवर मिळालं नसतं, कारण काय शोधायचं हेच मला माहीत नव्हतं. माझ्या दुखण्याला नाव नव्हतं. व्हिडिओ बोलतो तो स्वतःच्या विषयावर, आणि रांगेत उभा असलेला माणूस तुमच्या विषयावर बोलतो. त्या दुपारी मी दोन टॉक चुकवले. ते नंतर घरी बसून पाहिले आणि चांगलेही वाटले.

म्हणून जाताना अडलेला एखादा प्रश्न बरोबर घेऊन जा, आणि तो दोन मिनिटांत सांगता येईल अशी तयारी करून जा. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

याने नोकरी मिळते का?

थेट मिळत नाही. स्टॉलवर बायोडेटा टाकून आलो आणि आठवड्यात ऑफर आली, असं माझ्या पाहण्यात क्वचितच झालं आहे. नोकरी येते ती वळसा घेऊन, वर्ष-दीड वर्षाने, आणि ज्याच्याशी जेमतेम ओळख होती त्याच्याकडून.

यामागचं कारण फार पूर्वी शोधलं गेलं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतीच नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, की ज्याच्यामुळे जागा कळली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेले 54 जण होते. त्यातल्या 16.7 टक्क्यांनीच “वरचेवर” असं सांगितलं. 55.6 टक्के म्हणाले “अधूनमधून”, आणि 27.8 टक्के म्हणाले “क्वचितच”. पुढे 2022 साली लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यातही अगदी जवळच्या ओळखींपेक्षा बेताच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी ठरलेल्या दिसल्या.

आपल्याकडे पाहिलं तर हे चटकन पटतं. तुमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जागा येते ती साठ जणांना एकाच मिनिटाला कळते. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीतच असतं. नाशिकचा किंवा कोचीचा, वर्षातून एकदा भेटणारा माणूस मात्र वेगळ्याच घोळक्यात वावरत असतो, आणि तिथली बातमी त्याच्याखेरीज तुमच्यापर्यंत कोणी आणणार नाही. सांगलीत राहून काम करणाऱ्याला अशा लांबच्या ओळखी आपसूक मिळत नाहीत. पुण्या-बंगळुरूच्या पोरांना त्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये मिळतात, आपल्याला त्यासाठी गाडी पकडावी लागते.

मला इंग्रजी धड बोलता येत नाही. तिथे माझा काय निभाव लागणार?

मलाही येत नव्हतं. पहिल्या कॉन्फरन्समध्ये मी दुपारपर्यंत एक शब्द बोललो नाही. आता ज्यांना घेऊन जातो त्यांना एवढंच सांगतो, की आपल्या कामाबद्दल तीन वाक्यं तयार ठेवा. कोणासाठी काम करता, काय बनवता आणि सध्या काय अडलं आहे. इंग्रजीत जमलं तर इंग्रजीत, नाही तर हिंदीत. पुण्यात तर निम्मी रांग मराठीच असते.

यातली एक गोष्ट मला उशिरा कळली. आपल्याला आपलं काम किरकोळ वाटतं, पण तिथे ते दुर्मिळ असतं. हैदराबादला मी “हळदीच्या सौद्याचं सॉफ्टवेअर” एवढं म्हणालो आणि चार जण भोवती गोळा झाले. पोत्यामागे वजावट कशी धरता, शेतकऱ्याला पट्टी केव्हा मिळते, नेट नसताना सौदा कसा नोंदवता, असं विचारत राहिले. त्या चौघांचाही दिवस मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींच्या आकडेवारीत जायचा. यार्डातला गलका, हमालाने थांबवलेली पावती, मधेच गेलेली लाइट, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. आपल्या कामाकडे असं बाहेरून पाहायला मला कॉन्फरन्सने शिकवलं. त्यानंतर मी गिऱ्हाइकासमोर खाली मान घालून बसलेलो नाही.

आणि मी मुळात लाजाळू असेन तर?

मग स्वयंसेवक व्हा. नाव नोंदणीच्या टेबलावर बसलात की कोणाशी जाऊन बोलायचा प्रश्नच राहत नाही, लोकच तुमच्याकडे येतात. बिल्ला द्या, टी-शर्टचं माप विचारा, हॉल कुठे आहे ते सांगा. दुपारपर्यंत दीडशे चेहरे ओळखीचे झालेले असतात, आणि संध्याकाळी सगळं आवरून झाल्यावर स्वयंसेवक आणि बोलणारे एकत्र जेवतात. माझ्या सगळ्यात टिकाऊ ओळखी खुर्च्या उचलताना झालेल्या आहेत.

घोळक्यात शिरायची भीती वाटत असेल तर आणखी एक सांगतो. राइट द डॉक्स या परिषदेचे सहसंस्थापक एरिक होल्शर यांनी “पॅकमन नियम” म्हणून एक साधी रीत रुळवली. चार जण गप्पा मारत उभे असतील तर पूर्ण रिंगण करायचं नाही, एका माणसाची जागा मोकळी ठेवायची. त्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या पिवळ्या गोळ्याच्या उघड्या तोंडासारखी. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये हे सुरुवातीलाच सांगतात. तशी मोकळी जागा दिसली की ती तुमच्यासाठीच आहे असं समजून जाऊन उभे राहा. आणि तुम्ही आत असाल तर एक पाऊल बाजूला सरका.

करिअर सोडून आणखी काय मिळतं?

2018 च्या ऑक्टोबरात पायकॉन इंडिया हैदराबादला होती. जेवताना शेजारी चेन्नईच्या एक बाई होत्या, एका छोट्या रुग्णालयाचं सॉफ्टवेअर सांभाळायच्या. बोलता बोलता मी सांगितलं, की माझ्या व्यापाऱ्यांचा डेटा त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि बॅकअप त्याच टेबलाच्या खणातल्या पेन ड्राइव्हमध्ये. त्यांनी घास तसाच हातात ठेवून मला विचारलं, “तुमच्या गावात नदी आहे?”

डिसेंबर 2015 च्या चेन्नईच्या पुरात त्यांच्या रुग्णालयाचा तळमजला पाण्यात गेला होता. सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही एकाच कपाटात होते. त्यानंतर महिनाभर त्यांनी कागदांवरून नोंदी परत कशा भरल्या, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं त्या दिवशी कुठलंही भाषण नव्हतं. त्या माझ्यासारख्याच तिकीट काढून आलेल्या होत्या.

परत आल्यावर मी रोज रात्री सगळा डेटा क्लाउडवर जाईल अशी सोय केली. दोन-तीन व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, नेटचा खर्च कशाला म्हणाले. मी ऐकलं नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णामाई आली. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी आहे, पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड, सगळीकडे होड्या चालल्या. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या दुकानात पाणी छतापर्यंत होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही दार उघडलं तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यातून चिखल निघाला. काउंटरवरच्या जुन्या वह्यांचा लगदा झाला होता, वरच्या फळीवरच्या तेवढ्या वाचल्या. मालक पायरीवर बसून म्हणाले, “आता शेतकऱ्यांना काय सांगू?” मी माझा लॅपटॉप उघडला आणि पूर येण्याच्या आदल्या रात्रीपर्यंतची प्रत्येक उधारी आणि प्रत्येक पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून भिजलेल्या पिशवीतला चष्मा काढला, पुसला आणि एकेक नाव वाचू लागले.

त्या बाईंना मी फोन करून हे सांगितलं. त्या रडल्या. आमचं अजून वर्षातून दोनदा तरी बोलणं होतं, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा पहिला फोन त्यांचाच आला.

मी स्वतंत्र काम करतो. मला कशाला कॉन्फरन्स?

उलट एकट्याने काम करणाऱ्यालाच याची जास्त गरज असते. ऑफिसातल्या माणसाला वरिष्ठ असतात, शेजारचं टेबल असतं. आपल्याला कोणी सांगत नाही की आपण पैसे कमी घेतो आहोत.

मी कित्येक वर्षं एकदा सॉफ्टवेअर विकलं की पुढची देखभाल फुकट करायचो. मार्चअखेरीला रात्री अकराला फोन आला तरी धावायचो. एका कॉन्फरन्सला नाशिकच्या एका जोडप्याशी ओळख झाली. दोघं मिळून द्राक्ष बागायतदारांसाठी काम करायचे. त्यांनी सहज विचारलं, वार्षिक देखभालीचं काय घेता? मी गप्प. त्या वहिनींनी स्वतःच्या कराराचा नमुनाच पाठवून दिला. कशाचे पैसे लागतील, कशाचे नाही, किती तासांत उत्तर मिळेल, सगळं त्यात लिहिलेलं होतं. पुढच्या गुढीपाडव्याला मी धीर करून माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकापुढे तो कागद ठेवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, “आधीच मागायचं होतंस की.” त्या एका कराराने माझं वर्षाचं गणित बदललं.

मी अजून शिकतो आहे. दुसऱ्या वर्षाला आहे. आत्ता जाऊ का नंतर?

आत्ताच जा. विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त असतं, आणि न कळणाऱ्या गोष्टींबद्दल विचारायला हे सगळ्यात चांगलं वय असतं. सगळे टॉक समजले पाहिजेत असं काही नाही. अर्धे डोक्यावरून जातील, पण दोन शब्द वहीत येतील आणि ते पुढच्या सहा महिन्यांत कुठेतरी परत भेटतील. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची, इस्लामपूरकडची, मिरजेच्या तंत्रनिकेतनातली मुलं मी घेऊन गेलो आहे. परतीच्या गाडीत त्यांची जी बडबड चालते, तशी वर्गात कधी ऐकली नाही.

शेवटच्या वर्षाची मंडळी मुलाखतीच्या गडबडीत असतात. त्यांना जमलं तर उत्तम, पण दुसरं वर्ष जास्त चांगलं.

सर्टिफिकेट मिळतं का?

काही ठिकाणी मिळतं, काही ठिकाणी नाही. त्यासाठी जाऊ नका.

इथे एक सावधगिरीचा शब्द. एकदा मी आमच्या ओळखीच्या तीन मुलांना “राष्ट्रीय” म्हणवणाऱ्या एका कार्यक्रमाला जायला सांगितलं. फी जबर होती. तिथे दिवसभर एकाच कोर्सची जाहिरात चालली आणि शेवटी सगळ्यांच्या हातात रंगीत कागद दिला. त्या मुलांचे पैसे माझ्या शब्दावर गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी पाहतो, की मागच्या वर्षीचे टॉक कुठे पाहायला मिळतात का? वक्ते कसे निवडले हे उघड सांगितलं आहे का? वागणुकीचे नियम लिहिलेले आहेत का आणि तक्रार कोणाकडे करायची ते स्पष्ट आहे का? ही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर मी कोणाला पाठवत नाही.

मुलगी एकटी जाणार. घरी काय सांगायचं?

हा प्रश्न आया विचारतात, आणि बरोबरच विचारतात. चांगल्या कॉन्फरन्समध्ये वागणुकीचे नियम नुसते छापलेले नसतात, ते पाळून घेणारी माणसं नेमलेली असतात आणि त्यांचे क्रमांक भिंतीवर लावलेले असतात. मुलींचे स्वतःचे गटही आहेत. पायथॉन वापरणाऱ्या मुलींचा पायलेडीज आहे. जँगो गर्ल्स ही कार्यशाळा 2014 साली बर्लिनच्या युरोपायथॉन या कॉन्फरन्समध्ये दोन पोलिश तरुणींनी सुरू केली, आणि ती आता जगभर होते. ती नवशिक्या मुलींसाठी फुकट असते आणि एका दिवसात स्वतःची वेबसाइट उभी करून देते.

पहिल्या वेळी दोघी-तिघी मिळून जा. घरच्यांना राहण्याचा पत्ता, कार्यक्रमाचं वेळापत्रक आणि आयोजकांचा फोन आधी द्या. कुपवाडच्या एका मावशींनी पहिल्यांदा लेकीबरोबर स्वतःही प्रवास केला आणि दोन्ही दिवस मागच्या रांगेत बसून ऐकलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी लेकीला एकटीला पाठवलं.

खर्च किती येतो?

पुण्याच्या मीटअप, म्हणजे काही तासांच्या छोट्या बैठका, बहुधा फुकट असतात. स्वारगेटची एसटी धरली, जाऊन-येऊन त्याच दिवशी होतं, फक्त पहाटे उठायची तयारी हवी. मुंबईला रात्रीची महालक्ष्मी आहे. बंगळुरूला मिरजेहून राणी चन्नम्मा दुपारी निघते आणि सकाळी पोचवते, म्हणजे एक रात्र लॉजचे पैसे वाचतात. मोठ्या कॉन्फरन्सचं तिकीट लवकर काढलं तर कमी पडतं. पायकॉन इंडियासारख्या ठिकाणी प्रवासासाठी आर्थिक मदतही देतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो, मुदत फार आधी संपते, आणि आपल्याकडची मुलं लाजेपोटी अर्जच करत नाहीत. करा. ते पैसे त्यासाठीच बाजूला काढलेले असतात.

मला स्वतःला बोलायचं आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?

कुऱ्हाडेंचं खातं! मी त्यावरच बोललो. लायटनिंग टॉक नावाचा प्रकार असतो. पाच मिनिटं, आयत्या वेळी फळ्यावर नाव लिहायचं आणि उभं राहायचं. घंटा वाजली की खाली उतरायचं. मी पडद्यावर दोन सारखी दिसणारी नावं लावली आणि विचारलं, “यात फरक सांगा.” सभागृह शांत झालं. माझे हात इतके थरथरत होते की माइक दोन्ही हातांनी धरला होता. खाली उतरल्यावर केरळचा एक मुलगा भेटायला आला. मल्याळमच्या चिल्लू अक्षरांचंही अगदी असंच दुखणं होतं म्हणाला. तीही आधी त्याच अदृश्य चिन्हाने लिहायची, मग 2008 साली युनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र जागा मिळाली, आणि जुना-नवा मजकूर एकमेकांत सापडेना. मी सांगलीच्या एका दुकानातला लहानसा घोळ सांगत होतो, आणि तीच अडचण दुसऱ्या भाषेतल्या लोकांनी आधी भोगलेली होती.

पूर्ण टॉकसाठी प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यात “अमुक तंत्रज्ञानाची ओळख” असं लिहू नका, तसे शंभर येतात. काय बिघडलं, काय करून पाहिलं, कशाने सुटलं आणि ऐकणाऱ्याला घरी जाऊन काय करता येईल, ते लिहा. माझे पहिले दोन प्रस्ताव परत आले होते. निवड करणाऱ्यांना पत्र लिहून कारण विचारलं तर बहुतेक वेळा ते नीट सांगतात. तिसरा घेतला गेला.

बोलण्याचा एक फायदा अगदी घरातला आहे. पाच मिनिटांत मुद्दा मांडायची सवय लागली की व्यापाऱ्याशी, बँकेच्या मॅनेजरशी आणि शाळेच्या पालकसभेतही ती उपयोगी पडते.

परत आल्यावर काय करायचं?

दोन दिवसांच्या आत निरोप पाठवा. “भेटून आनंद झाला” एवढाच नको, जे बोलणं झालं त्यातली एक गोष्ट त्यात असू द्या. कोणाला काही पाठवतो म्हणाला असाल तर आधी ते पाठवा. मी परतीच्या गाडीतच वहीत नावं लिहितो, नाही तर कराडच्या पुढे चेहरे एकमेकांत मिसळतात.

हे सगळं सांगलीतच करता आलं तर?

येतं की. आम्ही पहिल्यांदा जमलो तेव्हा सात जण होतो. एका क्लासच्या सरांनी रविवारी दुपारी खोली आणि प्रोजेक्टर दिला. प्रायोजक नाही, बॅनर नाही, पिशवीभर भडंग आणि चहा. दोघांनी बोलायचं आणि मग प्रत्येकाने आपलं एक अडलेलं सांगायचं, एवढाच नियम ठेवला. कधी अकरा जण येतात, कधी चारच येतात. चार आले तरी रद्द करत नाही, कारण लांबून निघालेल्याला परत पाठवणं बरं दिसत नाही.

तासगावचा एक मुलगा सुरुवातीचे तीन महिने नुसता कोपऱ्यात बसायचा. वडिलांच्या द्राक्षबागेतल्या फवारण्यांची नोंद ठेवायला त्याने फोनवर चालणारं एक छोटं ॲप बनवलं होतं. कुठलं औषध कधी मारलं, तोडणीला किती दिवस बाकी आहेत, सगळं त्यात दिसायचं. दाखवायला लाजत होता. चौथ्या महिन्यात दाखवलं, आणि पलूसच्या एका ताईंनी तिथल्या तिथे त्यातली तारखांची चूक पकडली. गेल्या महिन्यात त्याने त्याच ॲपवर एका मोठ्या कॉन्फरन्सला प्रस्ताव पाठवला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं इंग्रजी तपासलं. उत्तर अजून यायचं आहे.

यायचं असेल तर कोणालाही विचारायची गरज नाही, सरळ या. चार वाजता सुरू करतो, आणि तासगावची गाडी चुकू नये म्हणून बरोबर सहाला थांबतो.